देव घरी भेटतो, मग मंडळीत कशाला जायचं?

पिंपळपान_नगरी
नमस्कार. इथे ख्रिस्ती सभासद किती आहेत माहीत नाही, पण प्रश्न इतरांनाही लागू पडेल असं वाटलं म्हणून धागा काढतेय.

मी मूळची नगर जिल्ह्यातली (अहिल्यानगर म्हणायची सवय व्हायची आहे). घर पणजोबांपासून ख्रिस्ती. गावात रविवार म्हणजे घंटा, शाब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग), मग पेटी-तबल्यावर गीतं, पाळकांचा लांबलेला उपदेश आणि बाहेर आल्यावर त्याहून लांबलेल्या गप्पा. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर घराजवळच्या एका मोठ्या चर्चमध्ये जाऊ लागले. एसी हॉल, पडद्यावर गीतांचे शब्द, उत्तम गिटार, आणि उपासना संपली की पार्किंगमधून सरळ आपापल्या घरी. कोणी नावसुद्धा विचारलं नाही. हळूहळू जाणं सुटलं. आता रविवारी उशिरा उठते, मोबाइलवर उपदेश ऐकते, बायबल वाचते, प्रार्थना करते. खरं सांगायचं तर गावी असताना जे नुसतं पाठ होतं ते आता कळायला लागलंय.

आईला हे पटत नाही. दर फोनला तिचा एकच प्रश्न, "मंडळीचं पत्र दिलंस का?" (मंडळी म्हणजे चर्चचा सभासदसमूह. ती बदलताना जुन्या पाळकांकडून, म्हणजे पास्टरकडून, सभासदत्वाचं पत्र न्यावं लागतं. माझं कपाटात पडून आहे.)

तर श्रद्धा असताना मंडळी लागतेच का? की ती आपली माणसांची भूक आहे आणि तिला आपण देवाचं नाव देतो?

तर्रीवाला
पहिला! आता वाचतो.

शंकासुर
उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत दिलंय. माणूस कळपात राहणारा प्राणी आहे. कोणाला देऊळ, कोणाला चर्च, कोणाला क्रिकेटचा क्लब. मी नास्तिक आहे, रविवारी सकाळी टेकडीवर जातो. तिथला ग्रुप मला पुरतो. देव मध्ये आणायची गरज नाही.

आगाशीकर
आमच्या वसईत हा प्रश्न पडायलाच वेळ मिळत नाही. ऑक्टोबर आला की घरोघरी जपमाळ, त्याच सुमारास आगेरा म्हणजे नव्या पिकाचा सण, मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी प्रार्थना आणि त्यानंतर उकडलेले चणे. मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली तर फादरच्या आधी शेजारीण विचारते, "बरं नाही का?" कधी कधी नको होतं हे. पण पिंपळपानताई, तुमचा मोबाइल विचारतो का हो, बरं नाही का म्हणून?

तर्रीवाला
मोबाइल विचारतो की. "आर यू स्टिल वॉचिंग?" :-)

गुळाचा_चहा
तर्रीवाला, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा वाचून लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर, पंढरपूरला नातेवाइकांकडे होत्या. त्यांच्या आत्मचरित्रातला तो भाग वाचताना जाणवतं की बाईंचा झगडा त्रैलोक्याच्या प्रश्नांशी नाही. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, पंगतीत कोणाशेजारी बसायचं, याच्याशी आहे. नवऱ्याकडे परत गेल्यावरही सोवळं एका दिवसात सुटलं नाही. ते तुकड्यातुकड्याने सुटलं आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. म्हणजे त्यांच्या बाबतीत माणसं आधी बदलली, देव नंतर. शंकासुर, हे तुमच्या बाजूने की विरुद्ध, तुम्हीच ठरवा.

शंकासुर
बाजूनेच.

बोरूबहाद्दर
पंगतीवरून आठवलं. पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण इथल्या किती जणांना माहीत आहे? १८९०चा ऑक्टोबर. मिशनमध्ये व्याख्यान झालं, त्यानंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य होते. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे यजमान, काड्या घालण्यात तरबेज) यांनी नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर चिडले.

मुद्दा असा की व्याख्यानाला बसल्याने कोणी बाटलं नव्हतं. उपदेश कितीही ऐका, चालेल. कप तोंडाला लावलात की तुम्ही कोणाचे हे ठरलं. तेव्हा धागाकर्तीने मोबाइलवर उपदेश ऐकणं म्हणजे अजून चहा घेतलेला नाही.

पिंपळपान_नगरी
बोरूबहाद्दर, दंडवत!

ईशान्यवारा
सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) शिकतोय, त्यामुळे थोडं पुस्तकी होईल, सांभाळून घ्या.

एकटं राहून देव शोधायची कल्पना चर्चमध्ये नवी नाही. इजिप्तच्या वाळवंटात तिसऱ्या-चौथ्या शतकात संत अंतोनींसारखे लोक एकांतात जाऊन राहिले आणि त्यांना फार मान होता. मग त्याच चौथ्या शतकात संत बासिल यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात त्यांनी एकांतवाल्यांना विचारलेला प्रश्न मला कायम छळतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही तसं करा म्हणाला. तू एकटाच राहतोस, तर मग पाय कोणाचे धुणार?

म्हणजे मंडळी ही आपली एकटेपणाची सोय आहे म्हणून जायचं, असा त्यांचा मुद्दाच नाही. क्षमा करायला समोर क्षमा करण्यासारखं वागलेला माणूस लागतो. सहन करायला असह्य माणूस लागतो. तो घरी मोबाइलवर कुठून मिळणार?

तर्रीवाला
असह्य माणसंच हवी असतील तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या. प्रवेश मोफत.

काळी_माती
आतापर्यंतचे प्रतिसाद गोड आहेत. थोडं कडू लिहिते.

मराठवाड्यातली आहे. आमचे पूर्वज दुष्काळाच्या काळात मिशनकडे आले. अख्ख्या वस्त्या आल्या. का आले याची हजार उत्तरं आहेत, धान्य, शाळा, दवाखाना, श्रद्धा. माझ्या आजीचं उत्तर एवढंच होतं, "साहेब आमच्या दारात येऊन खाटेवर बसला." आपलेपणा म्हणजे काय ते तिला त्या खाटेवरून कळलं.

पण पुढे काय? आजही ख्रिस्ती लग्नाच्या स्थळांत आडून आडून पूर्वाश्रमीची जात विचारतात. शहरातल्या एका मंडळीत (नाव नको) माझं आडनाव ऐकल्यावर एका बाईंनी "अच्छा, त्या भागातले" असं म्हटलं आणि पुढच्या रविवारी त्या दुसऱ्या बाकावर बसल्या. तामिळनाडूत तर दफनभूमीतसुद्धा जातीच्या भिंती घातल्याची उदाहरणं आहेत.

सरकारदरबारी तर आम्ही कुठलेच नाही. १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ साली शिखांना मिळाला, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना नाही. कारण ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणे. माझ्या त्या बाकावरच्या बाईंना कोणीतरी हे कळवा.

तेव्हा 'मंडळीत जा, आपली माणसं भेटतील' असं सरसकट सांगू नका. काहींना तिथेच कळतं की आपण आपले नाही.

ईशान्यवारा
काळी_मातीताई, तुमचं म्हणणं खोडण्यासारखं नाही. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय काढून बघा. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला) जमलेले श्रीमंत आधीच जेवून घेतात, गरीब येईपर्यंत काही उरत नाही. कोणी भुकेला, कोणी मस्त. पौल त्यांना म्हणतो की हे तुमचं प्रभुभोजनच नव्हे. त्याने 'घरी बसा' असं सांगितलं नाही, 'एकमेकांसाठी थांबा' असं सांगितलं.

काळी_माती
थांबतोय की. दोन हजार वर्षं होत आली.

सायकलस्वार
+१ काळी_माती. शेवटची ओळ _/\_

आगाशीकर
ताई, आमच्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, सोयरीक करताना अजून भुवया वर जातात. मिस्सेला एकत्र, मांडवात वेगळे. मागच्या पिढीपेक्षा कमी झालंय एवढंच म्हणू शकतो.

पण एक बाजू मांडतो. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बरेच युरोपीय पाद्री गेले. ज्यांच्या धाकाने लोक ख्रिस्ती झाले असं म्हणतात तो धाक तर संपला होता. तरी वाड्यावाड्यांवरचे लोक ख्रिस्ती राहिले. ते काही ग्रंथ वाचून राहिले नाहीत, बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. सण, जपमाळ, लग्नातली गाणी, शेजार यांनी ते टिकवलं. त्याच मातीतले फादर दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एकेकट्याने मोबाइल, सॉरी, पोथी वाचली असती तर काय उरलं असतं?

टोरांटोची_सुगरण
आगाशीकर, बाहेर राहून बघा म्हणजे कळेल.

इथे माझी गंमतच आहे. महाराष्ट्र मंडळात गेले की "ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं?" मी म्हणते, अहो, फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत ओव्यांमध्ये छापलं, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांच्या आधी. भारतीय चर्चमध्ये जावं तर तिथे मल्याळी किंवा तेलुगू उपासना. माणसं अतिशय प्रेमळ, जेवायला वाढतात, पण 'आमेन' सोडून काही कळत नाही. गोऱ्यांच्या चर्चमध्ये सगळे हसून बोलतात आणि कोणी घरी बोलावत नाही.

शेवटी आम्ही चार मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी तळघरात जमतो. उपासना संगीताचं जुनं पुस्तक आहे, पानं सुटलेली. पेटी येणारा एकच, तोही सगळी गीतं काळी चारमध्ये वाजवतो, कोणाचा आवाज पोचो न पोचो. ना. वा. टिळकांची पदं म्हणतो. मग खिमा-पाव. माझी मुलं मराठी तिथेच बोलतात. यात देव किती आणि मराठी किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, आणि करायचंही नाही.

तर्रीवाला
देव राहू द्या, खिम्याची पाककृती टाका.

टोरांटोची_सुगरण
वेगळा धागा काढते. :-)

निवृत्त_मास्तर
उशिरा आलो. श्रीरामपूरकडचा आहे. हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जी गर्दी लोटते ती बघितलेला माणूस 'धर्म ही खाजगी बाब' असं सहसा म्हणत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट, मरियेचा नवस आमच्यात बसत नाही, तरी आमची ही दरवर्षी जाते. मी स्कूटरपाशी थांबतो. तिथे मेणबत्त्या विकणारा मुसलमान, नवस बोलणाऱ्या निम्म्या बायका हिंदू. असो, अवांतर झालं.

पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला उपदेशात देता येणार नाही, पाहिलेलं सांगतो. आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते. तऱ्हेवाईक. पाळकांशी भांडण, पंचांशी भांडण, वर्गणी कित्येक वर्षं थकलेली, उपासनेला फिरकायचे नाहीत. "मी आणि माझा येशू" म्हणायचे. वारले ते ऐन मे महिन्यात. मुलगा परराज्यात, बायको आधीच गेलेली.

आता खरं घडलं ते सांगतो, गोड करून नाही. पंचकमिटीची बैठक बसली आणि थकबाकीदाराला दफनभूमीत जागा द्यायची की नाही यावर वाद झाला. प्रेत घरात बर्फावर आणि हे नियमावली वाचतायत! पंचांपैकी एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की आज जागा दिली तर उद्या वर्गणी कोण भरेल. हा माणूस वाईट नव्हता, खजिनदार होता. शेवटी तरुण संघाची पोरं कोणाला न विचारता कुदळी, पहारी घेऊन दफनभूमीत गेली आणि खणायला लागली. वरचा वीतभर भाग माती, खाली कडक मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. पोरांच्या हाताला फोड आले. कमिटीचा निरोप पोचला तेव्हा खड्डा छातीइतका झाला होता. संध्याकाळी पेटी उतरवताना खजिनदारांनीच एका बाजूचा दोर धरला. मुलगा पोचला दुसऱ्या दिवशी. तोवर त्याच्या घरी पिठलं-भाकरी पोचलेली होती.

कमिटीही मंडळीच होती आणि ती पोरंही मंडळीच. दोन्ही मिळून घ्यावं लागतं.

गुळाचा_चहा
मास्तर, दोरापाशी डोळ्यात पाणी आलं.

शंकासुर
मास्तर, लिहिलंय जबरदस्त. पण त्या पोरांनी ते माणुसकीने केलं. त्यासाठी येशू कशाला?

निवृत्त_मास्तर
शंकासुर, तुमच्या टेकडीच्या ग्रुपमध्ये कोणी भांडून निघून गेला आणि दहा वर्षांनी वारला, तर कोण जाईल? चिडू नका, खरंच विचारतोय.

शंकासुर
चिडलो नाही. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले येतील. पहार घेऊन कोणी येईल असं नाही वाटत. पण हा पुरावा देवाचा नाही, संघटनेचा आहे. जुनी संघटना, नियम, दफनभूमीचा सातबारा. आमचा ग्रुप शंभर वर्षं चालला तर तोही येईल.

ईशान्यवारा
शंभर वर्षं चालतो का, हाच तर प्रश्न.

मास्तरांच्या गोष्टीवरून तर्तुलियन आठवला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा हा लेखक. साधारण १९७ साली त्याने रोमन अधिकाऱ्यांसमोर ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. तुम्ही जमून करता काय, असा लोकांना संशय होता. तो सांगतो की आमच्यात दर महिन्याला ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, स्वखुशीने थोडे पैसे टाकायचे. ते मेजवान्यांवर जात नाहीत. गरिबांना जेवू घालायला आणि पुरायला, अनाथ मुलांना, म्हाताऱ्या झालेल्या नोकरांना, जहाज फुटलेल्यांना, श्रद्धेपायी खाणीत शिक्षा भोगणाऱ्यांना जातात. म्हणजे मास्तरांची वर्गणी आणि दफनभूमी हा वाद अठराशे वर्षं जुना आहे. फक्त त्याने 'स्वखुशीने' लिहिलंय, थकबाकी नाही.

निवृत्त_मास्तर
हे आमच्या खजिनदारांना वाचून दाखवतो. अजून आहेत ते.

सायकलस्वार
लॉकडाउनमध्ये माझी आई (वय झालेलं, गुडघे गेलेले) मोबाइलवर उपासना बघायची. आधी वाटलं बरं झालं, जायचा त्रास वाचला. पण ती बघताना उभी राहण्याच्या वेळी उभी राहायची, एकटी, स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. आशीर्वादाला मान खाली घालायची. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र फोन पालथा ठेवायची. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते बघायचं नसतं, घ्यायचं असतं." तेव्हा धागाकर्तीला माझं मत: उपदेश मोबाइलवर चालेल, भाकर नाही. मात्र ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्यासाठी तोच मोबाइल आधार आहे, त्याला नावं ठेवू नका.

बोरूबहाद्दर
अवांतर. टिळकांनी (ना. वा., लोकमान्य नव्हे) शेवटी मिशनची नोकरी सोडून १९१७मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते वारले, त्यामुळे प्रयोग फार पुढे गेला नाही. पण शंकासुर आणि सुगरणबाई दोघांनाही चालली असती अशी मंडळी एका मराठी कवीने शंभर वर्षांपूर्वी काढून पाहिली होती, ही नोंद असू द्या.

शंकासुर
वर्गणी किती होती?

पिंपळपान_नगरी
सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. एकेकाला उत्तर देत बसत नाही, पण काळी_मातीताई, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपल्याकडे पण आहे ते." हे तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

माझं अजून ठरलेलं नाही. ईशान्यवारा यांचा 'पाय कोणाचे धुणार' पटला, पण सलग चार रविवार कोणाशी एक शब्द न बोलता परत आलेल्या माणसाला तो प्रश्न विचारणं थोडं सोपं आहे. पाय पुढे करणारा तरी कोणी हवा. पुण्यात लहान मराठी मंडळ्या आहेत, जिथे उपासना मराठीत होते, त्यांच्यातल्या एखादीत जाऊन बघावं म्हणते. कोणाला अनुभव?

निवृत्त_मास्तर
कापणीच्या सणाच्या रविवारी जा. पहिल्यांदा जायला त्याच्यासारखा दिवस नाही. लोक घरून भाजी, धान्य, अंडी, केक, जमलं तर कोंबडी घेऊन येतात, आणि उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव. आमच्याकडे एक भोपळा घेणाऱ्याने परत दान केला, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत. बाजारात तीस रुपयांचा भोपळा शेवटी हजारावर गेला आणि नेला शेवटी पाळकांच्या सासूने. बोली लावताना मागून कोणीतरी ओरडतंच, "ताई, नाव सांगा!" तुझा प्रश्न तिथेच सुटेल.

तर्रीवाला
कोंबडीची बोली मी ऑनलाइन लावू शकतो का?

काळी_माती
जा जरूर. पण नाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न आडनाव आणि मग 'गाव कुठलं' असा आला, तर इथे येऊन लिही. मंडळीचं नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळव, मला यादी करायची आहे. नाही आला तरी लिही. त्यांचीही यादी करते आहे, ती सध्या लहान आहे.